उजेडाचे सांधे

दुकानावरचा जुना लाइटचा बोर्ड संध्याकाळी समोरून पाहिला, तर या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा उजळलेला पांढरा पडदा दिसतो आणि त्यावर दुकानाचं नाव. त्याच बोर्डाचं बाजूचं झाकण काढून आत डोकावलं, की चित्र बदलतं. आठ ट्यूबा, आठ चोक, आठ स्टार्टर, सोळा होल्डर आणि या पट्टीकडून त्या पट्टीकडे गेलेल्या वायरी. समोरून अखंड वाटणारा उजेड आतून तुकड्यातुकड्यांचा असतो. हे प्रकरण त्या तुकड्यांना जोडणाऱ्या सांध्यांबद्दल आहे, कारण बोर्ड असो की छत, ट्यूबलाइटच्या कामातलं खरं कसब दिव्यात नसून सांध्यात असतं.

हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळी होऊन जिल्ह्याचं ठिकाण झाली. कार्यालयं आली, बँका आल्या, दवाखाने आणि शिकवणीवर्ग वाढले. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या तालुक्यांच्या गावांतही पेठा पसरल्या. तो काळ नेमका ग्लो साइन बोर्डाचा होता. हळदीच्या अडत दुकानापासून औषधाच्या दुकानापर्यंत पेंटरने रंगवलेल्या पाट्यांच्या जागी लोखंडी अँगल, पत्र्याची पाठ आणि पुढे दुधी अ‍ॅक्रेलिक किंवा फ्लेक्स असे खोके चढले. ते खोके बनवणाऱ्या आणि जोडणाऱ्या कारागिरांनी जे जाणलं, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतकंच पक्कं आहे.

पिवळे बल्ब जोडणं सोपं. दोन वायरी ओढायच्या आणि हवे तितके होल्डर त्यांच्यावर समांतर लावायचे. बल्बमधली तार गरम झाली की विजेला जास्त अडवते, त्यामुळे प्रवाह आपोआप आवरला जातो. ट्यूबमध्ये अशी तार नाही. काचेच्या नळीत अगदी विरळ आर्गॉन वायू आणि पाऱ्याचा एखादा थेंब असतो. दोन्ही टोकांना टंगस्टनची छोटी वेटोळी आणि त्यांवर बेरियम, स्ट्रॉन्शियम व कॅल्शियमच्या ऑक्साइडांचा लेप. वेटोळी तापली की इलेक्ट्रॉन सुटतात, पाऱ्याच्या वाफेतल्या अणूंवर आदळतात आणि त्या अणूंमधून २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. काचेच्या आतल्या बाजूला दिलेली पांढरी पावडर ते शोषते आणि त्यांचा दिसणारा उजेड करते.

मात्र एकदा वायूतून प्रवाह सुरू झाला की तो वायू विजेला अडवेनासा होतो. प्रवाह वाढतो तसा अडथळा घटतो, अडथळा घटतो तसा प्रवाह आणखी वाढतो. हे मोकळं सोडलं तर ट्यूब तरी जाईल, नाही तर फ्यूज उडेल. म्हणून मध्ये चोक लागतो: लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला, वाढू पाहणाऱ्या प्रवाहाला लगाम घालणारा. स्टार्टर सुरुवातीला वेटोळी तापवतो आणि मग परिपथ तोडतो. त्या क्षणी चोकमधून काही शे व्होल्टचा ठोसा ट्यूबला बसतो आणि ती पेटते.

जोडणीचा पहिला नियम यातूनच येतो. दोन ट्यूबा एका चोकवर समांतर लावता येत नाहीत. जी आधी पेटेल ती सगळा प्रवाह स्वतःकडे ओढेल, आणि दुसरीला पेटण्याइतकं व्होल्टेज उरणार नाही. प्रत्येक ट्यूबला तिचा चोक हवा. म्हणजे ट्यूब ट्यूबला जोडायची नसते. पट्टी, चोक, स्टार्टर यांच्यासह पूर्ण फिटिंग दुसऱ्या फिटिंगला मेन लाइनच्या बाजूने जोडायचं असतं.

याला एक सुरेख अपवाद आहे. दोन फुटी, २० वॅटच्या ट्यूबेला जळताना साठेक व्होल्ट पुरतात. अशा दोन ट्यूबा एकीमागे एक जोडल्या तर त्यांची बेरीज एका चार फुटी, ४० वॅटच्या ट्यूबेच्या व्होल्टेजजवळ येते आणि दोघी मिळून ४० वॅटच्या एकाच चोकवर चालतात. फक्त स्टार्टर कमी व्होल्टेजचे आणि प्रत्येकीला वेगळे लागतात. चार फुटी दोन ट्यूबांना ही युक्ती चालत नाही, कारण त्यांनाच दोनशेहून अधिक व्होल्ट लागले, तर २३० मधून चोकच्या हाती फारसं काही राहत नाही. छोट्या बोर्डात दोन फुटींची जोडी एक चोक वाचवते. पण एक गेली की दुसरीही विझते आणि बोर्डाची अर्धी बाजू काळी पडते. पैसे वाचवण्यासाठी ही जोडी वापरणाऱ्याने दुरुस्तीची वाट सोपी ठेवलेली बरी.

हा दिवा फार जुना नाही. त्याच्याआधी निऑन होता: जॉर्ज क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनच्या नळ्या दाखवल्या. निऑनमध्ये काच तापवून अक्षराच्या वळणाने वाकवावी लागते आणि ती पेटवायला हजारो व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतो. प्रत्येक पाटी एकदाच घडते. जर्मनीत १९२६ मध्ये एडमंड गेर्मर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी आतून पावडर लावलेल्या पाऱ्याच्या दिव्याचं पेटंट मागितलं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॉर्ज इनमन यांच्या गटाने तो दिवा विक्रीयोग्य केला. १९३८ मध्ये तो बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी तो मोठ्या प्रमाणावर पाहिला. निऑनच्या मानाने यात नवं काय होतं? ट्यूब ठरावीक लांबीची, कारखान्यात घडलेली, कोणत्याही दुकानात मिळणारी होती. वाकवण्याची कला संपली आणि जोडण्याची सुरू झाली. छोट्या गावातल्या वायरमनलाही उजळलेली पाटी बनवता येऊ लागली ती त्यामुळे.

आता आठ फूट रुंद, तीन फूट उंच बोर्ड घेऊ. चार फुटी दोन ट्यूबा एका ओळीत, अशा चार ओळी. कागदावर हिशोब सरळ आहे. पण ट्यूबेची दोन्ही टोकं उजेड देत नाहीत: धातूची टोपी, होल्डर आणि वेटोळ्याजवळचा मंद भाग. दोन ट्यूबा टोकाला टोक लावून बसवल्या तर चारही ओळींतली ही अंधारी टोकं एकाखाली एक येतात आणि बोर्डाच्या बरोबर मध्यावर उभा काळपट पट्टा पडतो. तिथे नावातलं एखादं अक्षर असतंच. जाणता कारागीर टोकं एकमेकांच्या पुढे सरकवतो. पहिल्या ओळीतली डावी ट्यूब उजवीच्या थोडी वर, टोकं चार-सहा इंच एकमेकांवरून गेलेली, आणि पुढच्या ओळीत सांधा दुसऱ्या जागी. एकीच्या अंधाऱ्या टोकावर दुसरीचा उजळ भाग येतो. आठ फुटांच्या खोक्यात चार फुटी दोन पट्ट्या होल्डरांसह जेमतेम बसतात, त्यामुळे अशी मांडणी जागेच्या दृष्टीनेही सोयीची ठरते.

दुसरा प्रश्न खोलीचा. ट्यूब पडद्याच्या फार जवळ असली की झेब्र्यासारखे पट्टे दिसतात. फार दूर असली की उजेड सारखा होतो, पण मंद होतो आणि खोकं जड होतं. ढोबळ नियम असा की दोन ओळींमधलं अंतर ट्यूबेपासून पडद्यापर्यंतच्या अंतराच्या आसपास ठेवावं. आठ इंच खोल खोक्यात ओळी आठ-नऊ इंचांवर. आतली पाठ आणि बाजू पांढऱ्या रंगवल्या तर मागे गेलेला उजेडही पुढे परततो. रंगाचा हा खर्च टाळलेले बोर्ड मी ओळखू शकतो: त्यांच्या कडा नेहमी विझलेल्या वाटतात.

कडांचा मुद्दा देवनागरीसाठी फार मोलाचा आहे आणि तो परदेशी नमुन्यांवरून बेतलेल्या खोक्यांत सुटतो. रोमन मोठ्या अक्षरांचं वजन मधोमध असतं. आपली अक्षरं शिरोरेखेला टांगलेली आणि त्यांचे स्वर बरेचसे तिच्या वर. ‘हिंगोली’ हेच नाव पाहा: वेलांट्या, अनुस्वार, मात्रा, सगळं शिरोरेखेच्या वर. बोर्डाचा वरचा दोन इंचांचा भाग अंधारा राहिला तर अनुस्वार गळतो आणि वेलांटीची वळणं बुजतात; लांबून नुसती व्यंजनं उरतात. म्हणून मराठी बोर्डात ट्यूबेची सगळ्यात वरची ओळ खोक्याच्या वरच्या कडेच्या जवळ घ्यावी, किंवा अक्षरं तरी खाली उतरवावीत. शिरोरेखेचा एक फायदाही आहे. अ‍ॅक्रेलिकमधून कापलेला शब्द तिच्यामुळे एकसंध तुकडा राहतो, अक्षरं सुटी चिकटवावी लागत नाहीत. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने सर्व दुकानांवर मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असंही ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी अंमलासाठी दोन महिने दिले. अक्षरांचा आकार कायद्याने ठरला. ती रात्रीही तितकीच नीट वाचता येतील हे मात्र बोर्ड बनवणाऱ्यानेच पाहायचं आहे.

छताचं गणित याच जातीचं, फक्त आडवं. पीओपीच्या खाचेत लपवलेल्या ट्यूबा टोकाला टोक लावून ठेवल्या तर प्रत्येक सांध्यावर छतावर सावलीची कमान उमटते. इथेही टोकं एकमेकांवरून नेणं हाच उपाय. सभागृहात किंवा शोरूममध्ये सरळ रेषेत अखंड उजेड हवा असेल तर एकाच लांब पत्र्याच्या नाळीत फिटिंगं एकापुढे एक बसवतात आणि वायर त्यांच्या आतूनच पुढे जाते. पहिल्या फिटिंगमध्ये वीज शिरते, दुसऱ्याला जाते, तिथून तिसऱ्याला. बाहेर वायर दिसत नाही, जोडणी झटपट होते, आणि नेमका इथेच धोका शिरतो.

कारण पहिल्या सांध्यातून सगळ्यांचा प्रवाह जातो. ४० वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकसह पन्नासहून अधिक वॅट खाते आणि सुमारे ०.४३ अँपिअर ओढते. आपल्या आठ ट्यूबांच्या बोर्डाचे सव्वाचारशे वॅट झाले. एवढ्याला खरं तर दोन अँपिअरच्या आतच काम भागायला हवं, पण चोकमुळे प्रवाह आणि व्होल्टेज यांची पावलं जुळत नाहीत, म्हणून वायरमधून जवळजवळ साडेतीन अँपिअर वाहतात. प्रत्येक फिटिंगमध्ये साधारण चार मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर बसवला की हा जास्तीचा प्रवाह जागच्या जागी फिरतो आणि मधल्या वायरींवर त्याचं ओझं पडत नाही. कंडेन्सर मीटरजवळ एकदाच बसवला तर खोक्यातल्या सांध्यांना काही दिलासा मिळत नाही. ही बचत करू नये.

मोठ्या छतावर ओळी तीन फेजांवर वाटल्या जातात आणि त्याला भार वाटण्याखेरीज आणखी एक सबळ कारण आहे. पन्नास हर्ट्झच्या विजेवर साधा चोक असलेली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, पण फिरत्या चाकाला कळतं. ठरावीक वेगाने फिरणारं चाक त्या उजेडात थांबलेलं दिसू शकतं. हळदीची, डाळीची किंवा पिठाची गिरणी चालवणाऱ्याने हे मनावर घ्यावं, कारण थांबलेला समजून पट्ट्याकडे नेलेला हात परत येत नाही. शेजारच्या ओळी वेगवेगळ्या फेजवर असल्या की एक मंदावते तेव्हा दुसरी भरात असते आणि हा भास जातो. पण मग न्यूट्रल सगळ्यांचा सामाईक होतो. ट्यूबा न्यूट्रलमध्ये तिसऱ्या पटीच्या वारंवारतेचा प्रवाह सोडतात. तो तिन्ही फेजांचा एकमेकांना खोडून न जाता साचत जातो. न्यूट्रल बारीक वायरीचा ठेवायचा नाही. तो तुटला तर एखाद्या ओळीवर २३० ऐवजी त्याहून बरंच जास्त व्होल्टेज येऊ शकतं आणि ती ओळ एका झटक्यात जाते.

अर्थिंगबद्दल मी आग्रहाने लिहितो आहे. फेजचा सांधा सुटला की दिवे विझतात आणि कुणीतरी शिडी आणतो. अर्थिंगचा सांधा सुटला की काहीच होत नाही. दिवे तसेच जळत राहतात. अर्थिंग एका फिटिंगच्या स्क्रूवरून दुसऱ्याकडे नेलेलं असेल, तर एक स्क्रू सैल झाल्यावर त्याच्या पुढची सगळी फिटिंगं उघडी पडतात आणि ते कुणाला दिसत नाही. मग मृगाचा पाऊस येतो, पत्र्याच्या खोक्यात पाणी जातं आणि शटर उघडायला हात वर जातो. अर्थची वायर सलग ठेवून तिला प्रत्येक फिटिंगसाठी फाटा काढावा, बोर्डाला तीस मिलिअँपिअर गळतीवर तुटणारा आरसीसीबी लावावा, आणि बटण फेजवरच असल्याची टेस्टरने खात्री करावी. बटण न्यूट्रलवर असेल तर बोर्ड विझलेला दिसतो, पण आत वीज असते.

हिंगोलीचा दसरा महोत्सव दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगतो. रामलीला मैदानावर रामलीला, रावणदहन आणि प्रदर्शनाची गर्दी लोटते. अशा जत्रांचा उजेड कित्येक वर्षं मंडपवाल्यांच्या ट्यूब-पट्ट्यांनी दिला. लाकडी पट्टीवर चोक, होल्डर, स्टार्टर. एका टोकाला पिन, दुसऱ्याला सॉकेट. बांबूला सुतळीने बांधायच्या आणि एकमेकींत खोचत जायचं. कारखान्यात घडलेल्या जोडफिटिंगांचंच हे गावठी रूप, आणि कल्पक रूप. पोरं ते काम तासाभरात उरकायची. यात एक गोष्ट कधीच विसरायची नाही: वीज नेहमी सॉकेटकडून यावी, पिनकडून नाही. माळ उलटी जोडली गेली तर शेवटची पिन उघडी राहते, आणि ती जिवंत असते.

आपल्याकडचा उन्हाळा या खोक्यांना आणखी एका बाजूने छळतो. पाऱ्याच्या वाफेचं काम काचेचं तापमान चाळिसेक अंश असताना सगळ्यात चांगलं चालतं. त्याच्या वर उजेड घटत जातो. मे महिन्यात दिवसभर भाजलेला पश्चिमेकडचा खोका संध्याकाळी पेटवला, आत आठ चोकही तापले, की नव्या ट्यूबाही मंद वाटतात. वर आणि खाली जाळी लावून हवा खेळती ठेवणं किंवा चोक खोक्याबाहेर वेगळ्या पेटीत घेणं, दोन्हींचा फरक पडतो. बारीक, १६ मिलिमीटर व्यासाची टी-५ ट्यूब भोवतालच्या पस्तीस अंशांच्या आसपास भरात येते. बंद फिटिंगांसाठी तीच योग्य.

मराठवाड्यात विजेचा तुटवडा अनुभवलेल्या पिढीला संध्याकाळचं कमी व्होल्टेजही आठवत असेल. शेतातल्या मोटारी सुरू, लाइन दमलेली, आणि ट्यूब टोकांना लाल होऊन फडफडते पण पेटत नाही. साध्या चोकला ठोसा द्यायला पुरेसं व्होल्टेज लागतं. इलेक्ट्रॉनिक चोक आला तो वीस हजार हर्ट्झच्या वर काम करणारा, हलका, कमी व्होल्टेजवरही पेटवणारा आणि स्टार्टरविना. लुकलुक गेली, गुणगुण गेली, वीज वाचली. पूर्णेवरच्या येलदरी धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत, एकूण २२.५ मेगावॅट. पन्नास वॅटची एक, अशा साडेचार लाख ट्यूबा तेवढ्या विजेवर चालतील. प्रत्येकीमागचे चोकमधले दहा-बारा वॅट वाचवणं म्हणजे किती, ते यावरून कळेल.

आता एलईडी. आठ ट्यूबांच्या सव्वाचारशे वॅटच्या जागी वीस वॅटच्या आठ एलईडी पट्ट्यांचे एकशे साठ वॅट. बोर्डात तर बारा व्होल्टची छोटी मॉड्यूलं माळेसारखी चिकटवतात. टोकं अंधारी नाहीत, खोकंही उथळ चालतं. सांध्याचा प्रश्न तरीही आहेच. बारा व्होल्टवर प्रवाह मोठा असतो, बारीक वायरीत व्होल्टेज गळतं आणि लांब माळेचं शेवटचं टोक पिवळट, मंद पडतं. माळ दोन्ही टोकांनी जोडावी किंवा तिचे छोटे भाग करून प्रत्येकाला पॉवर सप्लायपासून वेगळी वायर न्यावी. जुनी पट्टी तशीच ठेवून तिच्यात एलईडी ट्यूब घालताना आणखी सावध राहावं लागतं. काही ट्यूबा चोक राहू देऊन चालतात, काहींना चोक पूर्ण काढून थेट मेन लागतो, आणि तोही कधी एकाच टोकाला तर कधी दोन टोकांना. दोन टोकांना वीज घेणारी ट्यूब चालू लाइनवर बसवताना एक टोक होल्डरमध्ये गेलं, की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनेत वीज येऊ शकते, आणि ती पिन बसवणाऱ्याच्या बोटांत असते. आधी मेन बंद.

उतरवलेल्या ट्यूबांचं काय? साध्या चार फुटी ट्यूबेत काही मिलिग्रॅम पारा असतो, जुन्या जाड ट्यूबांत त्याहून जास्त. पाऱ्याबाबतचा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये स्वीकारला आणि २०२३ मध्ये जिनिव्हात सदस्य देशांनी सरळ ट्यूबलाइटचं उत्पादन आणि व्यापार टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरवलं: जुन्या पावडरीच्या ट्यूबा २०२६ पर्यंत, नव्या पावडरीच्या २०२७ पर्यंत. येत्या काही वर्षांत बोर्डांतून आणि छतांतून ट्यूबा ढिगाने उतरतील. देशाच्या ई-कचरा नियमांत त्या मोडतात. भंगारवाल्याने अ‍ॅल्युमिनियमच्या टोप्यांसाठी फोडाव्यात अशा त्या नाहीत. नवी पट्टी ज्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून आली, त्यातच जुनी ट्यूब अखंड सरकवावी आणि ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावी. फुटलीच तर दारं-खिडक्या उघडाव्यात, काही वेळ खोलीबाहेर जावं, केरसुणी न वापरता जाड कागदाने तुकडे उचलावेत, राहिलेली पांढरी पावडर चिकटपट्टीने टिपावी आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करावं.